शिरांच्या आजारात आधी नीट तपासणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव शहरात आणि निपाणी-चिकोडीच्या रस्त्यांवर हल्ली ‘फुगलेल्या शिरांवर लेसर, त्याच दिवशी घरी’ अशा आशयाचे फलक जागोजागी दिसतात. बिघडलेली शीर लेसरच्या किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेने आतून बंद करण्याची पद्धत वीस-पंचवीस वर्षांत चांगली रुळली आहे आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. आक्षेप एवढाच, की कोणती शीर, कुठवर आणि कशामुळे बिघडली आहे हे आधी कसे ठरवणार, याविषयी या फलकांवर एक ओळही नसते. क्ष-किरण विभागातील नोकरीतून निवृत्त झालेला माणूस म्हणून त्याबद्दल थोडे लिहितो.

शहापूर-वडगावचे विणकर, उद्यमबागेतील फौंड्री कामगार, हॉटेलांतील आचारी, शिक्षक अशा दिवसभर उभे राहणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. पायांतील रक्त वर चढताना परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात; त्या निकामी झाल्या की रक्त साचते, पाय जड होतात, घोट्याजवळची कातडी काळवंडते आणि शेवटी तिथे न भरणारी जखम होते. ती मधुमेहाची समजून वर्षानुवर्षे मलमपट्टी होत राहते. अशा पायाची पहिली तपासणी रक्ताचा प्रवाह दाखवणारी कलर डॉपलर सोनोग्राफी हीच होय, आणि ती रुग्णाला उभे करून नीट केली तर बहुतेकांना पुढच्या कोणत्याही तपासणीची गरज पडत नाही.

प्रश्न उरतो तो उरलेल्या काहींचा. ओटीपोटातील शिरा आतड्यांतील वायूमागे आणि चरबीमागे दडलेल्या असल्याने बाहेरून केलेल्या सोनोग्राफीत पुष्कळदा स्पष्ट दिसत नाहीत. तिथे उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेवरून जाते आणि तिला मणक्यावर दाबते. मे आणि थर्नर या संशोधकांनी १९५७ मध्ये ४३० शवांची तपासणी करून त्यांपैकी २२ टक्क्यांत या जागी शिरेच्या आत जाड पडदे तयार झाल्याचे नोंदवले होते. डावाच पाय सुजणे किंवा त्याच पायात रक्ताची गुठळी होणे, यामागे अनेकदा हे कारण असते.

रंगद्रव्य सोडून काढलेल्या क्ष-किरण चित्रात अशी दाबलेली शीर फसवते. शेतातला लपेटा पाइप ट्रॉलीच्या चाकाखाली चेपला की वरून पाहणाऱ्याला तो उलट रुंदच दिसतो, तसेच हे आहे. यावर उपाय म्हणजे टोकाला सोनोग्राफीचा बारीक प्रोब बसवलेली नळी, जी मांडीच्या शिरेतून आत सरकवतात आणि जी शिरेचा सगळ्या बाजूंनी आडवा छेद दाखवते. या चित्रासाठी रंगद्रव्य लागत नसल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही ती सोयीची आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा आतल्या तपासणीमुळे १०० पैकी ५७ रुग्णांच्या उपचाराचा आराखडा बदलला.

शिरेत प्रत्यक्ष कॅमेराही घालता येतो. ज्या प्रकाशतंतूंवर तो चालतो, त्यांतून प्रतिमा नेण्याचे शास्त्र उभे करणाऱ्यांत पंजाबातील मोग्याचे नरिंदरसिंग कपानी होते, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. मात्र रक्तातून आरपार दिसत नाही, त्यामुळे प्रवाह क्षणभर थांबवून सलाइनने शीर धुवावी लागते. झडपेचे पदर, चिकटलेली गुठळी, जुने पडदे कॅमेऱ्यात रंगांसह दिसतात; भिंतीपलीकडचा दाब मात्र त्याला दिसत नाही, म्हणून रोजच्या कामात सोनोग्राफीची नळीच पुढे राहिली.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. काहीही त्रास नसलेल्या अनेकांच्या शरीरातही ओटीपोटातील ही शीर थोडीफार दाबलेलीच असते. केवळ चित्रात दाब दिसला म्हणून स्टेंट, म्हणजे शीर उघडी ठेवणारी जाळीदार नळी, घालणे चूक ठरेल, कारण तो जन्मभर आत राहतो आणि त्यासोबत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या येतात. लक्षणे आणि चित्र जुळत असतील तरच त्या वाटेला जावे.

सीमाभागातील रुग्णाची अडचण अशी, की ही तपासणी कुठे होते आणि तिचा खर्च कोणत्या योजनेत बसतो हे सांगणारे त्याला कुणी भेटत नाही. तो कधी कोल्हापूर-मिरजेला, कधी हुबळीला, तर कधी गोव्याला धावतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले, त्याला कर्नाटकाने हरकत घेतली. या वादात जखमेचा पाय घेऊन बसलेल्या माणसाला दोन्ही सरकारांपैकी कुणाचेही उत्तर नीट मिळत नाही. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत शिरेच्या आतील तपासणी आणि स्टेंट यांना किती मदत मिळते, हे जिल्हा आरोग्य खात्याने कन्नडबरोबर मराठीतही प्रसिद्ध करावे. तसेच सहा आठवड्यांत न भरलेली घोट्याजवळची जखम आणि एकाच पायाची अचानक आलेली सूज, अशा रुग्णांना खानापूर, हुक्केरी, चिकोडी, अथणी येथील तालुका रुग्णालयांनी डॉपलरसाठी नेमके कुठे पाठवायचे ते ठरवून द्यावे. अचानक सूज आलेल्यांना तर त्याच दिवशी पाठवावे, कारण गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते.

आपला,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ,
शहापूर, बेळगाव