डीएलसी म्हणजे जुगार नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला, गेमवर उडणाऱ्या पैशांबद्दलचा लेख वाचला. पत्त्यांच्या आणि सट्ट्याच्या ॲपबद्दल त्यात जे लिहिलं आहे ते मला पूर्ण पटतं. आमच्या ट्रान्सपोर्टच्या धंद्यात गाडी रात्रभर लाइनला उभी असते, ड्रायव्हरच्या हातात मोबाइल असतो आणि महिनाअखेरीला हिशेबाला बसलं की हातात काही उरत नाही, हे मी टेबलाच्या या बाजूने पाहिलं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला तेव्हा आमच्या ऑफिसात त्याचं स्वागतच झालं.

पण लेखाच्या शेवटी डीएलसीलाही त्याच पंगतीत बसवलं आहे. डीएलसी (डाउनलोडेबल कंटेंट) म्हणजे गेम घेतल्यानंतर, हवी असल्यास, वेगळे पैसे भरून उतरवून घ्यायची भर. 'एकदा विकलेला माल तुकड्यातुकड्यांनी पुन्हा विकायचा' असा लेखाचा सूर होता. सरसकट असं म्हणणं बरोबर नाही. ज्या कायद्याचा दाखला लेखात दिला आहे, तोही पैसे लावून खेळायचे खेळ एकीकडे ठेवतो आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे व्हिडिओ गेम, व साधे करमणुकीचे खेळ दुसरीकडे. वर्तमानपत्राने याहून बारीक निवड करायला हवी. म्हणून हे पत्र.

मी नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या, ई-वे बिलं आणि ड्रायव्हरांचे हिशेब बघते. बाबांनी उभी हयात ट्रक चालवला. सात नंबरवर, म्हणजे आताच्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर, हिंगणघाट-पांढरकवडा-आदिलाबाद करत हैदराबादपर्यंत, आणि सहा नंबरवर रायपूर-भिलाईपर्यंत. रस्त्यांचे नंबर बदलले तरी बाबांच्या बोलण्यात अजून सात नंबर आणि सहा नंबरच आहेत. डोळ्यांमुळे स्टिअरिंग सुटलं. आता रात्रीची जेवणं आटोपली की आम्ही दोघं कॉम्प्युटरवर युरो ट्रक सिम्युलेटर 2 लावतो. कुणाकडून तरी जुना स्टिअरिंगचा सेट मिळाला होता, तो टेबलाला आवळून बसवला आहे.

हा गेम प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर कंपनीने 2012 मध्ये काढला. यात कुणाला मारायचं नसतं. भाडं घ्यायचं, ट्रेलर जोडायचा, वेळेत आणि धक्का न लागता माल पोचवायचा. सिग्नल तोडला की दंड. झोप न घेता गाडी हाणली तर पडद्यावर अंधारी येऊ लागते, दंडही बसतो. माल पोचवल्यावर ट्रेलर रिव्हर्समध्ये कुठे लावायचा ते गेम विचारतो: सोप्या जागी, अवघड जागी, की सोडून द्यायचं. बाबा नेहमी अवघड जागाच घेतात.

मूळ गेममध्ये ब्रिटन, जर्मनी, पोलंडचा काही भाग, ऑस्ट्रिया, उत्तर इटली असा मधला युरोप मिळतो. त्यापुढचे देश मॅप डीएलसी म्हणून येत गेले. 2013 ला पूर्वेकडचा भाग, 2015 ला स्कँडिनेव्हिया, 2016 ला फ्रान्स, 2017 ला इटालिया, 2018 ला बाल्टिक समुद्राच्या पलीकडचा मुलूख, 2019 ला काळ्या समुद्राकडचा, 2021 ला आयबेरिया म्हणजे स्पेन-पोर्तुगाल, 2023 ला पश्चिम बाल्कन आणि 2024 ला ग्रीस. एकेक डीएलसी म्हणजे एकेक मुलूख. सगळे घेतलेच पाहिजेत अशी सक्ती नाही. एकही घेतला नाही तरी मूळ गेम तसाच चालतो. एकदा पैसे भरले की पुन्हा कुणी हात पसरत नाही, आणि सेलमध्ये यातल्या एखाद्या मुलुखाची किंमत चौघांच्या मल्टिप्लेक्सच्या तिकिटांहून कमी पडते.

बाबांना सुरुवात ब्रिटनमध्ये करून दिली, कारण तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं आणि स्टिअरिंग उजवीकडे. डोव्हरला बोटीत गाडी चढवली, कॅलेला उतरवली आणि तिथून सगळं उलटं झालं. पहिल्याच गोल चौकात बाबांनी गाडी बाजूला घेतली, हात सोडले, सगळी वाहनं जाऊ दिली आणि रस्ता नीट बघून घेतला. घाई करणाऱ्या ड्रायव्हरबद्दल त्यांचं मत मला लहानपणापासून माहीत आहे, त्यामुळे मी काही बोलले नाही.

या सगळ्यांत माझा सर्वांत आवडता इटालिया. कारण एकच, करारा. संगमरवरासाठी जगभर नाव असलेल्या या गावच्या खाणी या डीएलसीत आहेत. डोंगर कापून पांढरा झालेला. तिथून भरलेली गाडी खाली आणायची म्हणजे वजन मागून ढकलतं, नुसत्या ब्रेकवर राहून भागत नाही. गिअर खाली घ्यायचा, रिटार्डर, म्हणजे ब्रेकवर भार न टाकता वेग धरून ठेवणारी यंत्रणा, लावायचा आणि वळण येण्याच्या आधीच वेग मोडायचा. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारे ड्रायव्हर आमच्याकडे आहेत. त्यांची समजूत घालता घालता मालकांच्या नाकी नऊ येतात. बाबा त्यातले कधीच नव्हते. "भरली गाडी आपल्या हातात रायली पायजे, उताराच्या हातात नाही," असं ते म्हणाले. ज्याने हा घाट बनवला त्याला भरलेल्या ट्रकचं वजन कळतं, असंही म्हणाले. ट्रक चालवलेल्या माणसाकडून मिळालेलं हे प्रशस्तिपत्र आहे, आणि माझ्या मते कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठं आहे.

स्कँडिनेव्हियाचं वेगळंच. डेन्मार्क, दक्षिण स्वीडन, दक्षिण नॉर्वे. नॉर्वेत डोंगर आणि पाणी यांच्यामधून रस्ता काढलेला, बोगद्यातून बाहेर पडावं तर समोर पुन्हा पाणी. सॉडर्टेलियेचा स्कॅनियाचा कारखाना आणि गोथेनबर्गचा व्हॉल्व्होचा कारखानाही त्यात आहे. फ्रान्समध्ये टोलनाके आणि अणुवीज केंद्रं आहेत. इकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची धुराडी बघत मोठी झालेली मी, त्यामुळे ती केंद्रं बघायला मला उगाचच आवडतं. बाबांचं लक्ष मात्र दुसरीकडेच असतं. प्रत्येक मुक्कामाला ट्रकसाठी आखलेली पार्किंगची जागा, आंघोळीची सोय असलेले पंप, आणि गोदामात पोचलं की लगेच खाली होणारी गाडी. "खाली कराले थांबा लागत नाही काय इथं?" असं त्यांनी विचारलं. आमच्या गाड्या माल उतरवायला दोन-दोन दिवस फाटकाबाहेर उभ्या असतात, त्याचं डिटेन्शन, म्हणजे गाडी अडकून पडल्याची भरपाई, मागण्यात माझे किती फोन जातात ते मलाच माहीत. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटांची विश्रांती घ्यायलाच हवी, असा कायदा आहे. मी हे सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग पुढचं भाडं निवडायला सांगितलं.

आता 'विकलेलं पुन्हा विकतात' या आरोपाबद्दल. एससीएसने उलट केलं आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड हे गेमच्या सुरुवातीपासूनचे भाग जुने दिसू लागले म्हणून ते नव्याने बांधले आणि ज्यांच्याकडे गेम आहे त्या सगळ्यांना फुकट दिले. त्यांच्याच अमेरिकन ट्रक सिम्युलेटरमध्ये, जो 2016 ला कॅलिफोर्निया आणि नेवाडासह आला, ॲरिझोना हे आख्खं राज्य विनामूल्य वाढवलं. आणि रशियाचा आतला भाग दाखवणारा 'हार्ट ऑफ रशिया' हा डीएलसी बनत असताना, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर मे 2022 मध्ये, तो प्रसिद्ध करणार नाही असं कंपनीने जाहीर केलं. केलेल्या कामाचे पैसे सोडून देणं कुठल्याही धंद्यात सोपं नसतं.

या गेममध्येही मला न पटणाऱ्या गोष्टी आहेत. ट्रक रंगवायचे कितीतरी पॅक ते विकतात, ते मी घेत नाही आणि कुणाला घ्या म्हणणार नाही. शहरं फार आखडलेली आहेत. बहुतेक नकाशा 1:19 या प्रमाणात असल्याने इस्तंबूलसारखं अवाढव्य शहर चार रस्त्यांत संपतं. रस्त्यावर माणूस जवळपास दिसत नाही, चहाची टपरी नाही, आणि ढाब्यावरची रात्र तर नाहीच.

लेखकाने ज्याला लूट म्हटलं, तशी लूटही झालेली आहे. 2006 मध्ये बेथेस्डा या कंपनीने ऑब्लिव्हियन या गेमसाठी घोड्याला घालायचं चिलखत अडीच डॉलरला विकलं. बाकी काही नाही, नुसतं चिलखत. त्यावर जगभर टीका झाली ती योग्यच होती. पण त्याच कंपनीने त्याच गेमसाठी पुढच्या वर्षी शिव्हरिंग आइल्स नावाचा स्वतंत्र मुलूख दिला, तो आजही लोक आवडीने खेळतात. एकाच दुकानात दोन्ही माल होता. पारखणारा हवा.

पोलंडच्या सीडी प्रॉजेक्ट रेड या कंपनीचा द विचर 3 हा 2015 चा, राक्षसांची शिकार करणाऱ्या नायकाच्या कथेचा गेम. माझ्या भावाच्या आग्रहाने मी तो खेळले. त्याच्याबरोबर 16 छोट्या डीएलसी फुकट दिल्या होत्या आणि दोन मोठ्या विकत. त्यातली पहिली, हार्ट्स ऑफ स्टोन, एका पोलिश लोककथेच्या अंगाने जाते: सैतानाशी सौदा केलेल्या माणसाची कथा. तिच्यात एका बाईच्या चित्रातल्या जगात उतरावं लागतं. तिच्या संसारातल्या वस्तू विखुरलेल्या असतात, त्या जागच्या जागी ठेवत गेलं की तिची एकेक आठवण पुन्हा उभी राहते, लग्नापासून नवरा परका होत गेल्यापर्यंत. शेवटी तिच्या हातातलं नवऱ्याने दिलेलं फूल घ्यायचं की तिच्यापाशीच राहू द्यायचं हे आपण ठरवायचं. घेतलं तर ती सुटते, पण तिचं सगळं जगही तिच्यासोबत जातं. मी ते फूल घेतलं. हे सहज करता येण्यासारखं नाही, आणि यात कुठेही, आत काय निघेल ते आधी न कळणारी, नशीब आजमावायची पेटी उघडायला पैसे मागत नाहीत. दुसरी, ब्लड अँड वाइन, मे 2016 ची, तूसाँ नावाचा द्राक्षमळ्यांचा प्रदेश उघडते. त्या वर्षीच्या गेम ॲवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट रोल-प्लेइंग गेमचा, म्हणजे एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायच्या गेमचा, पुरस्कार या भरीला मिळाला, स्वतंत्र गेमना मागे टाकून.

नागपूरच्या ज्या पिढीने कॉलेजच्या दिवसांत सायबर कॅफेत एज ऑफ एम्पायर्स 2 हा राज्य उभारून लढाया करायचा गेम खेळला, तिच्यासाठी एक बातमी उशिरा का होईना सांगते. 1999 च्या त्या गेमला अजून नवी भर पडते आहे. एप्रिल 2022 मध्ये डायनॅस्टीज ऑफ इंडिया आली. आधी सगळा भारत एकाच 'इंडियन्स' नावाखाली कोंबलेला होता. आता हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे चार वेगळे पक्ष आहेत आणि राजेंद्र चोळाची मोहीमही आहे. गुर्जरांची एक गोष्ट मला फार आवडली. त्यांची मेंढरं कापायची गरज नाही, गिरणीत नेऊन ठेवली की ती हळूहळू अन्न देत राहतात. इथल्या माणसाला हे कुणी मराठीत सांगितलं असतं तर कितीजणांनी पुन्हा तो गेम उघडला असता.

आणि सांगायला मराठीत कुणी नाही, हीच माझी तक्रार आहे. आपल्याकडे सिनेमाला रकाना आहे, नाटकाला आहे, पुस्तकांना पान आहे. गेम मात्र फक्त गुन्ह्याच्या किंवा व्यसनाच्या बातमीत येतात. मुलाने 'डीएलसी घेऊन द्या' म्हटलं की आईवडिलांसमोर दोनच वाटा उरतात, डोळे मिटून पैसे भरणं किंवा डोळे मिटून नाही म्हणणं. महिन्यातून एकदा अर्धं पान द्या. कुठल्या भरीत किती तासांचा ऐवज आहे, ती कुठल्या वयाला योग्य, एकदाच पैसे जातात की पुन्हा पुन्हा, मूळ गेम तिच्याशिवाय पुरा आहे की नाही, एवढं जरी प्रत्येक वेळी लिहिलं तरी घराघरातली भांडणं कमी होतील. लिहिणारा मात्र तो गेम खेळलेला असावा.

सुरुवात इटालियापासून करावी असं मी सुचवते. मूळ गेमसह सेलमध्ये परवडतो, भारी कॉम्प्युटर लागत नाही आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही शेजारी बसवता येतं.

आपली,
एक वाचक, वाडी, नागपूर