कोजागिरी ते दिवाळी, गाडीत एक रिकामं खोकं ठेवा

नमस्कार मंडळी,

माल्टातल्या आपल्या मंडळाचं हे आवाहन, आणि या वेळी ते गणपतीच्या वर्गणीसाठी नाही.

मागच्या ऑक्टोबरात आपल्यातला एक जण रात्री दोन वाजता चिर्केव्वाच्या धक्क्यावर प्रवासी सोडून परत निघाला, तर पुढच्या चाकाजवळ काहीतरी फडफडलं. आधी वाटलं, सीगल असेल. पण चोच टोकाशी आकड्यासारखी वळलेली, चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या, आणि धड उभं राहता येईना. पाय पार शेपटीकडे, त्यामुळे पोटावर घसटत गाडीखालच्या अंधारात शिरलं. जॅकेट टाकून धरलं, तर अंगठ्याला कडकडून चावलं. गाडीला दोन दिवस सुक्या बोंबलाचा वास येत होता, असं त्याची बायको अजून ऐकवते.

ते चीफाचं पिल्लू होतं. हे माल्टी नाव, पक्षीनिरीक्षक या समुद्रपक्ष्याला स्कोपोलीचा शिअरवॉटर म्हणतात. दिंग्लीच्या किंवा गोझो बेटावरच्या ता चेंचच्या कड्यांत, कपारीत चीफाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लू भरलं की आईबाप निघून जातात. मग ऑक्टोबरच्या मध्यापासून पिल्लं एकएकटी, रात्रीच, समुद्राकडे पहिली झेप घेतात. समुद्रावर पडणाऱ्या चांदण्याऐवजी हॉटेलांचे, बंदराचे, आपल्या गॅलरीचे दिवे दिसले की भरकटून रस्त्यावर उतरतात. सपाट जमिनीवरून पुन्हा उडणं त्यांना जड जातं. पुढे मांजर, नाहीतर टायर. चीफाची धाकटी बहीण शोभेल अशी गारनिया (यल्कुआन शिअरवॉटर) जून-जुलैत घरटं सोडते. जगातल्या सगळ्या गारनियांपैकी सुमारे 10 टक्के याच एवढ्याशा बेटांवर वाढतात.

माल्टात पक्ष्यांचा विषय निघाला की गाडी शिकारीवर जाते. वसंतातली लावा आणि होल्यांची शिकार बंद करावी का, यावर 11 एप्रिल 2015 रोजी जनमत घेतलं, आणि बंदीची बाजू जेमतेम 2220 मतांनी हरली. त्या भांडणात आपण बाहेरून आलेल्यांनी किती तोंड घालावं, यावर मंडळातही दोन मतं आहेत. दिव्यांचं तसं नाही. ते आपल्याच हातात आहेत.

शिवाय रात्री जागं कोण असतं? टॅक्सीवाले, डिलिव्हरीवाले, हॉटेलातले, हॉस्पिटलात नाइट ड्यूटी करणारे. म्हणजे बरेचसे आपणच.

तर गाडीत एक खोकं आणि जुना टॉवेल ठेवा. स्कूटरवाल्यांनी निदान टॉवेल. पक्षी दिसला की वरून टॉवेल टाकून उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि खोकं अंधारात, शांत जागी ठेवा. पाणी पाजू नका, मासा भरवू नका, फोटोसाठी फ्लॅश मारू नका आणि कृपा करून हवेत उडवून बघू नका. लगेच बर्डलाइफ माल्टाला फोन करा. 1962 पासून काम करणारी संस्था आहे, तिचा आपत्कालीन नंबर वेबसाइटवर आहे, आजच सेव्ह करा. ते तपासतात, पायात क्रमांकाची कडी घालतात आणि रात्री अंधाऱ्या किनाऱ्यावर सोडतात.

दुसरी विनंती सणाची. पौर्णिमेच्या आसपास पिल्लं कमी भरकटतात, काळोख्या रात्री जास्त. म्हणजे कोजागिरीला फारसं बिघडत नाही, पण लक्ष्मीपूजन पडतं नेमकं अमावास्येला! मेल्लीहा, श्लेंदी किंवा कड्यांजवळ राहणाऱ्यांनी यंदा विजेच्या माळा समुद्राच्या बाजूला लावू नयेत, आकाशकंदील दहाला मालवावा. पणत्या खुशाल लावा. कोजागिरीचं दूधही आपण गच्चीवर दिवे बंद करूनच आटवू, चंद्र दिसायला तेच बरं.

आता पैसे. दर वर्षीच्या दुधाच्या वर्गणीत या वेळी प्रत्येकी 5 युरो जास्त द्या. ही रक्कम मंडळ ठेवणार नाही, सगळी बर्डलाइफला जाईल आणि पावती ग्रुपवर टाकू. पैसे जमत नसतील तर जुने टॉवेल आणा.

आट्याची रिकामी खोकी आम्ही किराणा दुकानातून मागून ठेवली आहेत. कोजागिरीला येताना आपापलं घेऊन जा. जाड हातमोजे मात्र ज्याचे त्याने आणायचे, अंगठ्याचा अनुभव ताजा आहे.