मन्या, गोळ्या बंद करू नकोस

मन्या,

काल तलावपाळीवर तू बोललास ना की ते नवीन एन्झाइम इन्हिबिटर, म्हणजे एन्झाइम अडवणारं औषध, आलं की शुगर आणि वजन दोन्ही खाली येणार, मग तोवर मेटफॉर्मिन कशाला गिळत बसू, तेव्हा मला पटकन बोलताच आलं नाही. घरी आलो, झोप लागेना, म्हणून लिहितोय.

आईचा पाय गेला तेव्हापासून मी हे सगळं वाचत आलोय रे. त्या एन्झाइमचं नाव पीटीपी१बी. इन्सुलिन पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटलं की तिथे फॉस्फेट लागतात आणि साखर आत घ्यायचा निरोप पुढे जातो, पण हा पीटीपी१बी येऊन ते फॉस्फेटच काढतो, म्हणजे ब्रेक. पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन, त्यालाही हाच ब्रेक. १९९९ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात हा एन्झाइम बनवणारा जीनच नसलेले उंदीर तयार केले, त्यांना भरपूर चरबीचं खाणं दिलं तरी ते फुगले नाहीत, इन्सुलिनही छान लागू पडत होतं. वाचून मीही हरखलो होतो.

पण तेव्हापासून पंचवीस वर्षं उलटली आणि मेडिकलमध्ये ती गोळी अजून नाही. कारण पीटीपी१बीचा जुळा म्हणावा असा दुसरा एन्झाइम आहे, टीसी-पीटीपी, आणि तो नसलेले उंदीर जन्मून काही आठवड्यांतच मरतात. म्हणजे एकाला धरायचं आणि दुसऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही, सोपं नाहीये ते. शार्कच्या लिव्हरमध्ये सापडलेलं ट्रोड्युस्क्वेमाइन नावाचं रसायन पीटीपी१बीला वेगळ्या जागेवरून अडवतं, माणसांवर सुरुवातीच्या चाचण्याही झाल्या, पण त्यावर काम करणारी कंपनी २००९ मध्ये बंद पडली.

आणि तुझ्या डब्यात सिटाग्लिप्टिन आहे ना, तेही एन्झाइमच अडवतं, डीपीपी-४. अमेरिकेत २००६ ला आलं, आपल्याकडे २०२२ ला पेटंट संपलं तसं स्वस्त झालं. आहे ते तरी सोडू नकोस.

आईने एका काढ्याच्या भरवशावर चार महिने गोळ्या सोडल्या होत्या. मी मोजा काढला तर तो अंगठ्याखालच्या जखमेला चिकटलेला, ओढला तरी तिला कळलं नाही, ती टीव्हीच बघत होती. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही रे.

रविवारी साडेसहाला उपवनला ये, चहासुद्धा न घेता. ग्लुकोमीटर आणि पट्ट्या मी आणतो, फास्टिंग बघू आणि तिथूनच तुझ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊ, मी येतो सोबत.

तुझा,
बाळ्या