बंदी १९४२ ची नव्हे, १९३४ ची

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतील कामगार चळवळीवरच्या लेखात ‘१९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली’ असे विधान आहे. खरे तर त्या वर्षीच्या जुलैत सरकारने बंदी उठवली. ती घातली गेली होती जुलै १९३४ मध्ये, आणि तिची मुळे मुंबईतील गिरण्यांच्या संपात होती.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर आदी कम्युनिस्ट पुढाऱ्यांना पकडून त्यांच्यावरचा कटाचा खटला मुद्दाम उत्तरेत मीरतला चालवण्यात आला, कारण मुंबईत ज्यूरी (निवाडा देणारे नागरिकांचे मंडळ) बसवावी लागली असती. १९३३ मध्ये अपिलात शिक्षा कमी झाल्या, पुढारी सुटू लागले आणि १९३४ च्या एप्रिलमध्ये पगारकपातीविरुद्ध पुन्हा संप पेटला, तेव्हा सरकारने थेट पक्षच बेकायदा ठरवला. या आठ वर्षांत पक्षाचे काम थांबले नाही, हे लेखात यायला हवे होते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाच्या हक्कावर मर्यादा आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षासह कम्युनिस्टांनी जो संप घडवला, तो बंदी असतानाच, आणि तोही मुंबई प्रांतात काँग्रेसचे खेर मंत्रिमंडळ असताना.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात (विणकाम विभागात) होते. पक्षाची पत्रके आजी ज्वारीच्या डब्याच्या तळाशी ठेवी. पोलीस चाळीत शिरल्याची कुणकुण लागली की ती सूप घेऊन दारातच धान्य पाखडत बसे, असे आमच्या घरात सांगत. (आजीला वाचता येत नव्हते, पण कोणता कागद जपायचा हे तिला पक्के ठाऊक होते.) अशा घरांमुळे पक्ष तगला, आणि म्हणूनच कानपूरला १९२५ मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाला आपले पहिले अधिवेशन १९४३ मध्ये मुंबईत उघडपणे भरवता आले.

बंदी उठण्याची वेळ मात्र पक्षाला महाग पडली. युद्धाला पाठिंबा दिल्यामुळे सरकारने त्याला मोकळीक दिली आणि पुढच्याच महिन्यात काँग्रेसचे पुढारी गजाआड गेले. हा टोमणा पक्षाला अनेक वर्षे ऐकावा लागला. लेखकाने त्या धोरणावर अवश्य टीका करावी, ती मलाही बरीचशी मान्य आहे. परंतु तारीख उलटी झाली की ती टीकाच निराधार ठरते, म्हणून येत्या पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, परळ, मुंबई