लक्ष मागणाऱ्यांना ग्रुपबाहेर काढू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या ले-आऊटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एका प्रस्तावावरून बरीच गरमागरमी चालली आहे. शहराच्या इतर भागांतील परिचितांशी बोलताना त्यांच्याही ग्रुपवर थोड्याफार फरकाने हाच विषय निघाल्याचे कळते, म्हणून तो आपल्या स्तंभातून मांडावासा वाटला. प्रस्ताव असा आहे की, जे सदस्य निव्वळ स्वतःकडे लक्ष वेधून घेण्यासाठी संदेश टाकतात, लाइक, शुभेच्छा आणि कौतुक मागत राहतात, त्यांचे संदेश अ‍ॅडमिनने काढून टाकावेत आणि समज देऊनही फरक न पडल्यास त्यांना ग्रुपबाहेर काढावे. मी स्वतः या ग्रुपच्या अ‍ॅडमिनांपैकी एक आहे आणि हा अधिकार मला नको आहे.

ज्या उपद्रवातून हा प्रस्ताव जन्माला आला तो उपद्रव मात्र खरा आहे. नव्या गाडीची चारही बाजूंनी काढलेली छायाचित्रे, कुणा नेत्याच्या खांद्याला खांदा लावून काढलेला फोटो, दुपारपर्यंत पुरेसे अंगठे आले नाहीत तर ‘बघतात सगळे, बोलत कुणीच नाही’ असा टोमणा, आणि रोज सकाळी न चुकता येणारी चिरंजीवांच्या चॅनेलची लिंक, हे आपण सगळेच सोसतो. आपल्याकडे याला चमकोगिरी म्हणतात. तरुण मंडळी फुटेज खाणे म्हणतात. एरवी ते हसण्यावारी नेता येते, पण प्रत्येक वेळी नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा कुठल्या गल्लीत किती पाणी आहे, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत, वीज कधी येणार, हे कळण्याचे साधन बहुतेक वस्त्यांत हे ग्रुपच होते. अशा वेळी गुडघाभर पाण्यात उभे राहून काढलेला सेल्फी आणि त्याखालचे पन्नास हसरे चेहरे मदतीचा एक संदेश पडद्याच्या वर, नजरेआड ढकलतात. ही हानी प्रत्यक्ष आहे आणि तिच्यावर उपाय हवाच.

पण प्रस्तावात जो उपाय सुचवला आहे तो या हानीवरचा नाही. तो माणसाच्या हेतूवरचा आहे, आणि हेतू ओळखण्याचे काम अ‍ॅडमिनवर सोपवलेले आहे. मी कुणाच्या मनात शिरून पाहू शकत नाही. मुलीला वैद्यकीय प्रवेश मिळाल्याची बातमी टाकणारा बाप कौतुक मागत असतो की आनंद वाटत असतो? दोन्ही, आणि त्यात गैर काय आहे? मग त्याने दुसऱ्या दिवशी पेढ्यांचे फोटो टाकले, तिसऱ्या दिवशी सत्काराचे टाकले, तर नेमक्या कोणत्या फोटोपासून ती भीक ठरते? व्यवहारात याचे उत्तर एकच निघते: अ‍ॅडमिनला जो माणूस आवडत नाही, त्याचा आनंद हा देखावा ठरतो.

याहून गंभीर शक्यता वेगळी आहे. वारंवार एकच गोष्ट लावून धरणारा, उत्तर न मिळाल्यास पुन्हा विचारणारा, सर्वांना टॅग करणारा, ‘कुणी वाचता की नाही’ असे चिडून लिहिणारा सदस्य बाह्य लक्षणांवरून लक्षवेधूच दिसतो. पण तो नाल्यातील गाळाबद्दल लिहीत असेल किंवा सोसायटीच्या देखभाल खर्चाचा हिशेब मागत असेल, तर त्याचे तसे लिहिणे हीच त्याची एकमेव ताकद असते. ‘याला फक्त प्रसिद्धी हवी आहे’ हे वाक्य आपल्या सार्वजनिक जीवनात तक्रारदाराविरुद्ध किती सहज वापरले जाते, हे महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात चार चकरा मारलेल्या कुणालाही विचारावे. स्त्रियांच्या बाबतीत तर ते अधिकच स्वस्त आहे. पुरुषाने मॅरेथॉनच्या पदकाचा फोटो टाकला तर प्रेरणादायी आणि स्त्रीने टाकला तर तिला लक्ष हवे असते, असा निवाडा देणारे सभ्य लोक प्रत्येक ग्रुपवर आहेत. अशा समाजात हेतू तपासणारा नियम केला की तो कुणावर आधी चालेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

या संदर्भात आपल्याच शहरातील एक निकाल लक्षात घेण्यासारखा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये, गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला फौजदारी गुन्ह्यात जबाबदार धरता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्यासाठी समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसले पाहिजे. न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांच्या पीठाने तेव्हा हेही नोंदवले की, सदस्य घेणे आणि काढणे यापलीकडे अ‍ॅडमिनला फारसे अधिकार नसतात आणि मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी तो तपासण्याची वा रोखण्याची सोय त्याच्याकडे नसते. केरळ उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये याच दिशेने निर्णय दिला. त्यानंतर, २०२२ मध्येच, दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी काढून टाकण्याची सुविधा व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला दिली आणि ग्रुपची मर्यादा वाढवत १०२४ सदस्यांवर नेली. म्हणजे ‘संदेश का काढला नाहीस’ या धाकातून न्यायालयाने अ‍ॅडमिनला मोकळे केले आणि पुढच्याच वर्षी संदेश काढण्याचे बटण त्याच्या हाती आले. हाती बटण आहे म्हणून ते दाबलेच पाहिजे, असा अनेकांचा समज झालेला दिसतो.

त्या बटणाचा अनुभवही सांगण्याजोगा आहे. संदेश काढला की त्या जागी अ‍ॅडमिनने तो काढल्याची नोंद सर्वांना दिसत राहते. मग ‘काय होते?’, ‘कुणी वाचले का?’, ‘मला पर्सनलवर पाठवा’ असा पाऊस पडतो. ज्याने दोन अंगठ्यांची आशा धरली होती, त्याला संध्याकाळपर्यंत सगळ्या ले-आऊटचे लक्ष मिळते आणि वर अन्याय झाल्याचा मानही.

काही मंडळी या वादात राज्यघटनेचे कलम १९ आणतात. ते भाषणस्वातंत्र्य मुख्यतः शासनाविरुद्धचे संरक्षण आहे आणि ले-आऊटचा ग्रुप म्हणजे शासन नव्हे, त्यामुळे खासगी गटाला स्वतःचे नियम करण्याची मोकळीक आहे, हे मला मान्य आहे. तरीही त्रासदायक ऑनलाइन संदेश गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी का रद्द केले, हे नियम लिहिणाऱ्याने वाचावे. त्या कलमातील ‘त्रास’, ‘गैरसोय’ असे शब्द इतके मोघम आहेत की एकाला जे त्रासदायक वाटते ते दुसऱ्याला वाटणार नाही आणि कायदा पाळू इच्छिणाऱ्यालाही रेषा कुठे आहे हे कळणार नाही, हा त्या निकालातील मुद्दा आमच्या प्रस्तावातील ‘लक्षवेधू संदेश’ या शब्दप्रयोगाला जसाच्या तसा लागू पडतो.

शिवाय ही सवय लावली कुणी? फेसबुकने २००९ मध्ये लाइकचे बटण आणले, त्यानंतर प्रत्येक वाक्याखाली एक आकडा लटकू लागला आणि आकडा दिसला की तो वाढावा असे वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. ज्या मांडणीत अधिक प्रतिसाद मिळालेली पोस्ट अधिक लोकांना दाखवली जाते, तिथे प्रतिसाद मागणारा माणूस त्या यंत्राच्या दृष्टीने शहाणाच ठरतो. कंपन्यांना हे कळत नव्हते असे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये फेसबुकने जाहीर केले की, लाइक, शेअर, टॅग, कमेंट वा मत देण्यासाठी वाचकाला गळ घालणाऱ्या पोस्ट कमी लोकांपर्यंत पोहोचवल्या जातील. त्या पोस्ट काढून टाकल्या जाणार नव्हत्या, फक्त खाली सरकवल्या जाणार होत्या. आणि हरवलेल्या मुलाची माहिती, एखाद्या कामासाठी निधी किंवा साधा सल्ला मागणाऱ्या पोस्टना यातून वगळले होते. मोठ्या कंपन्यांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, पण मागणे आणि गळ घालणे यांतला फरक त्यांनी निदान कागदावर तरी केला, जो आमच्या प्रस्तावात केलेला नाही.

आता ज्या माणसांमुळे हे पत्र लिहावेसे वाटले त्यांच्याविषयी. आपल्या शहरातील कितीतरी घरांतली मुले पुणे, हैदराबाद, बंगळुरू किंवा परदेशात नोकरीला आहेत आणि मागे उरलेल्या आईवडिलांचा दिवस फार लांब असतो. रोज पहाटे फुलाचा फोटो टाकणारे, जुन्या बदलीच्या गावाच्या आठवणी तुकड्यातुकड्याने लिहिणारे, ‘आज कुणालाच आमची आठवण नाही वाटते’ असे सुचवणारे बहुतेक जण या वयाचे आहेत. त्यांना ‘सुप्रभात’ला दोन ओळींचे उत्तर हवे असते. ते देण्याचे बंधन कुणावर नाही, ग्रुप म्यूट करण्याची सोय प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. पण त्यांना सर्वांसमोर समज देऊन नंतर काढून टाकणे हा क्रूरपणा आहे आणि त्याला शिस्त हे नाव देऊ नये.

दुसरा वर्ग तरुणांचा आहे. ‘आता सगळे संपले’, ‘माझ्यावाचून कुणाचे काही अडणार नाही’ अशा ओळी स्टेटसला किंवा ग्रुपवर आल्या की ‘नाटक आहे, लक्ष देऊ नका’ ही पहिली प्रतिक्रिया असते. कधी ते नाटक असेलही. पण चूक झालीच तर ती कोणत्या बाजूने व्हावी, हे ठरवणे अवघड नाही. असा संदेश काढून टाकणे म्हणजे ओळखीच्या माणसांना दिसलेली खूण पुसणे होय. त्याऐवजी त्या व्यक्तीला कुणीतरी लगेच फोन करावा, शक्य असल्यास घरी जावे आणि केंद्र सरकारची टेली-मानस ही २०२२ पासून सुरू असलेली मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे, हे सांगावे.

काहींनी मधला मार्ग म्हणून अशा लोकांची ग्रुपवरच टिंगल करावी असे सुचवले आहे. टिंगलीची नागपूरला हौस आहे, ती मलाही आहे. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींच्या मिरवणुकीत जे बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, निघतात ते महागाईचे, भ्रष्टाचाराचे, सत्तेवर बसलेल्यांचे असतात. शेजारच्या एकट्या माणसाचा बडग्या करून मिरवण्याची आपली परंपरा नाही.

काढायलाच हवे असे काही आहेच. कुणाच्या नावाचा आणि फोटोचा वापर करून पैसे मागणारे बनावट संदेश, एखाद्या सदस्याला नाव घेऊन छळणे, परवानगीशिवाय दुसऱ्याचे, विशेषतः लहान मुलांचे, फोटो टाकणे, यांबाबत अ‍ॅडमिनने क्षणाचाही विलंब लावू नये, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करण्यास सांगावे. यावर कुणाचे दुमत असेल असे वाटत नाही.

उरलेल्यांसाठी संख्या, वेळ आणि जागा यांचे नियम पुरेसे आहेत. पाणी, वीज, सुरक्षा, निधन या सूचनांसाठी फक्त अ‍ॅडमिनना लिहिता येईल असा वेगळा ग्रुप ठेवावा. ही सोय २०१८ पासून उपलब्ध आहे. गप्पांचा ग्रुप वेगळा असावा आणि तिथे स्वतःविषयीचे संदेश एका सदस्याने दिवसाला किती टाकावेत याचा आकडा सर्वांनी मिळून ठरवावा. तो आकडा संस्थेच्या अध्यक्षांनाही लागू असावा, कारण माझ्या निरीक्षणानुसार सर्वाधिक सत्काराचे फोटो पदाधिकाऱ्यांचेच असतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा मूळ संदेशावर चिन्ह उमटवून द्याव्यात, म्हणजे शंभर केक एकाखाली एक येणार नाहीत. पूर, आग किंवा अपघाताच्या वेळी गप्पांचा ग्रुप काही तास बंद ठेवण्याचा अधिकार अ‍ॅडमिनला असावा. यांपैकी कोणताही नियम लावताना मला कुणाच्या मनाचा ठाव घ्यावा लागत नाही. मोजता येते तेवढेच मोजायचे आहे.

आणि तरीही कुणाला काढण्याची वेळ आलीच, तर तो निर्णय एकट्या अ‍ॅडमिनचा नसावा. मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागता यावी म्हणून केंद्राने २०२२ च्या दुरुस्तीने अपील समित्यांची तरतूद केली. ले-आऊटच्या पातळीवर अ‍ॅडमिन नसलेल्या तीन सदस्यांनी, त्यांत किमान एक स्त्री असावी, संबंधिताचे म्हणणे खासगीत ऐकावे, काढण्याचे कारण त्याला लेखी कळवावे आणि महिन्याभराने त्याला परत घेण्याचा विचार करावा. सूचनांच्या ग्रुपमधून मात्र कुणालाही, कोणत्याही कारणाने काढू नये. टँकर कधी येणार हे चमकोगिरी करणाऱ्यालाही कळले पाहिजे.

आपला विश्वासू,
एक वाचक व निवासी ग्रुपचा अ‍ॅडमिन,
नागपूर