सोलापूरच्या बोअरच्या पाण्यात डिस्कस

पुणे,
१४ जून

प्रिय अवि,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. डिस्कस, म्हणजे तो थाळीसारखा गोल, चपटा मासा, घरच्या टाकीत पाळायची तुला हौस आहे. "बोअरच्या पाण्यात डिस्कस टिकत नाही, त्यापेक्षा गप्पी पाळा," असं दुकानदाराने सांगितल्यामुळे तू फारच खट्टू झालेला दिसतोस. तू कळवलेले आकडे मी नीट पाहिले. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ६४०, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा) २२, केएच (बायकार्बोनेटचं प्रमाण) १४, पीएच (सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) ८.१. पाणी जड आहे, यात वादच नाही. तरीही या पाण्यात डिस्कस पाळता येईल आणि तो चांगला वाढेल, अशी माझी खात्री आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकानदाराच्या बोलण्याला आधार आहे. हा मासा मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. १८४० साली व्हिएन्नाच्या योहान याकोब हेकेल यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, ते रिओ निग्रो नदीतल्या माशावरून. त्या नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं काळपट, पीएच ४-५ च्या घरात आणि क्षार जवळजवळ नाहीतच. तिथून पकडून आणलेला जंगली हेकेल डिस्कस तू घेणार असतास, तर मीच तुला थांबवलं असतं. पण आपल्या दुकानांत येतो तो मासा मलेशियात, थायलंडमध्ये, नाहीतर आपल्याच चेन्नई-कोलकात्याकडे पिढ्यान् पिढ्या टाक्यांत वाढलेला असतो. जर्मनीतलं श्टेंडकर हे नावाजलेलं फार्म तर आपले डिस्कस तिथल्या नळाच्या जड पाण्यातच वाढवतं. वाढत्या माशाला कॅल्शियमचा त्रास होत नाही. उलट गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातले क्षार कल्ल्यांवाटे सतत झिरपत असतात, आणि पाण्यात कॅल्शियम असलं की ती गळती कमी होते.

त्यामुळे पहिली विनंती अशी की, दुकानदाराने दिलेली पीएच उतरवायची बाटली टाकीत ओतू नकोस. तुझा केएच १४ आहे, म्हणजे पाण्यात बायकार्बोनेट भरपूर आहे आणि ते आम्ल पिऊन टाकतं. संध्याकाळी पीएच ७ वर आलेला दिसेल आणि सकाळी पुन्हा ८ वर गेलेला. माशाला कायमचा ८ सोसवतो, हा रोजचा चढउतार सोसवत नाही. बदामाची वाळलेली पानं घालायची असतील तर जरूर घाल. पाण्याला सुरेख रंग येईल आणि मासे निवांत होतील, पण एवढ्या केएचपुढे पीएच फारसा हलणार नाही. सोसायटीतल्या सॉफ्टनरच्या पाण्याबद्दलही विचारलं आहेस. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, टीडीएस तिथल्या तिथेच राहतो. टाकीसाठी तो उपयोगाचा नाही.

खरा धोका अमोनियाचा, आणि त्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. पीएच ७ ला आणि २८ अंश तापमानाला त्याचा एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तोच भाग सहा-सात टक्क्यांवर जातो. सारख्याच घाणीचं विष तुझ्याकडे नऊ-दहा पट! म्हणून अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढून तो पूर्ण तयार झाल्याशिवाय एकही मासा आणू नकोस. मासे न सोडता फिल्टर चार-सहा आठवडे चालव, रोज चिमूटभर खाणं टाकत जा आणि टेस्ट किटवर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत धीर धर. यात तुझं पाणी तुला साथच देईल, कारण अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणाऱ्या या जिवाणूंना केएच लागतो. अगदी मऊ पाणी वापरणाऱ्यांची टाकी कधी कधी अचानक आम्ल होऊन बसते, तुझी तशी होणार नाही.

आता मासे आणण्याचं. हा भाग नीट वाच, कारण जड पाण्यात डिस्कस मरतात ते बहुतेक पहिल्या दिवसांत. विकणाऱ्याला भाव विचारण्याआधी त्याच्या पाण्याचा टीडीएस आणि पीएच विचार. तुझ्या आसपासच्या पाण्यात निदान काही महिने काढलेले मासे मिळाले तर चार पैसे जास्त दे. नाही मिळाले आणि चेन्नईहून पार्सलने मागवावे लागले, तर एक गोष्ट कटाक्षाने पाळ. प्रवासात पिशवीतलं पाणी कार्बन डायऑक्साइडमुळे आम्ल झालेलं असतं, त्यामुळे साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. सलाइनच्या नळीने टाकीचं पाणी थेंब थेंब पिशवीतल्या पाण्यात सोडत तासन् तास बसायची जी पद्धत आहे, ती इथे घातक ठरते, त्यातून तुझं ८.१ चं पाणी. त्यापेक्षा एका वेगळ्या टाकीत आरओचं पाणी मिसळून विकणाऱ्याइतकाच टीडीएस आधीच तयार ठेव. तापमान जुळलं की पिशवीतलं पाणी बाहेर टाकून मासे त्यात सोड. मग पाणी बदलताना दोन-तीन आठवड्यांत हळूहळू आपल्या पाण्यावर आण. तेवढ्या काळात ते आजारी आहेत का, हेही कळेल.

पाणी सारखं बदलावं लागेल. पाच-सहा मासे, तीनशे लिटरची टाकी आणि आठवड्यातून तीनदा तिसरा हिस्सा पाणी, असा हिशेब धर. बोअरचं ताजं पाणी थेट ओतू नकोस. जमिनीखालून येताना त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो उडून जाईपर्यंत पीएच हलत राहतो. पिंपात एअर स्टोन लावून एक दिवस राहू दे, हिवाळ्यात हीटरही ठेव. टाकीचं तापमान २८ ते ३० असू दे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी कधीच घेऊ नकोस, पहाटे भरत जा. आणि वाफ होऊन पाणी उतरलं की ती तूट फक्त आरओच्या पाण्याने भरून काढ. वाफ जाते, क्षार मागे राहतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये नुसतं बोअरचं पाणी वर घालत राहिलास तर ६४० चे ९०० व्हायला वेळ लागणार नाही.

रोजच्या पाण्यात निम्मं आरओ मिसळून टीडीएस ३३० वर आणता येईल, पण माझं मत विचारशील तर नको. घरचा आरओ एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया घालवतो, आणि तुमच्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते तूच लिहिलं आहेस. उजनी धरणाच्या भरवशावर जगणाऱ्या गावात माशांच्या हौसेपायी एवढं पाणी गटारात सोडणं मला पटत नाही. टाकीतून काढलेलं पाणी मात्र वहिनींच्या कढीपत्त्याला आणि जास्वंदीला घाल, त्यातलं नायट्रेट झाडांना आवडतं.

पिल्लं काढायची म्हटलं तर हे सगळं बदलतं. जड पाण्यात अंडी बहुधा फळत नाहीत, त्यासाठी टीडीएस शंभराच्या आसपास आणावा लागतो. जोडी जमली तर एका छोट्या टाकीपुरतं आरओ वापरू. स्वच्छ गच्चीवरून धरलेलं पावसाचं पाणीही चालेल, फक्त पहिले दोन-चार पाऊस जाऊ दे आणि सिमेंटच्या हौदात साठवू नकोस. पिल्लं आईबापांच्या अंगावरचा स्राव खाऊन वाढतात, दोघांच्या अंगाला आळीपाळीने लगटून. ते दृश्य तुझ्या घरी दिसावं, अशी माझी फार इच्छा आहे.

फिल्टर सुरू केलास की दर रविवारी अमोनिया आणि नायट्राइटचे आकडे कळवत जा. केएचचं नवं किट मी कुरियरने पाठवतो आहे, दुकानातलं जुनं वापरू नकोस. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर