एकोणपन्नाशीनंतर बाई मोजायचीच नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक एड्स दिनाच्या फलकांवर तरुण असतात, गरोदर माता असते. पन्नाशी उलटलेली बाई मला तरी कधी दिसली नाही. कागदोपत्रीही तीच गत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एचआयव्हीसाठी पुरुषांचं रक्त ५४ वर्षांपर्यंत तपासलं, बायकांचं ४९ पर्यंतच. मूल होण्याचं वय संपलं, बाई यादीतून बाद!

गरोदरपणात बाईची ही तपासणी होते. पुढे ती कुणी सुचवत नाही, आणि गावोगावी ही सोय येण्याआधी ज्या बाळंत झाल्या त्यांची तर कित्येकींची एकदाही झालेली नाही. पाळी गेली की दिवस जाण्याची धास्ती उरत नाही; मग निरोधही सुटतो (मुळात वापरात असला तर). नेमकं याच वयात योनीमार्गाचं अस्तर पातळ, कोरडं होतं, संबंधाच्या वेळी बारीक चिरा पडतात आणि विषाणूला वाट मिळते. नंतर वजन उतरलं, कसकस राहिली, तर घरचे म्हणतात वय झालं. दवाखान्यातून टॉनिक मिळतं. टीबी झाल्यावर खरं कारण कळतं. नोकरीत अशा बायका मी पाहिल्या, बऱ्याचशा विधवा. ‘मी कधी वावगं वागले नाही, मग मला कसा?’ हाच त्यांचा पहिला प्रश्न.

दुसरा गट जुन्या रुग्णांचा. २००४ पासून सरकारी एआरटी (एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी औषधं) मोफत मिळू लागली, म्हणून तेव्हाच्या तिशीतल्या बायका आज पन्नाशी गाठू शकल्या. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतातच, एआरटीतल्या टेनोफोविर या औषधाने त्यात भर पडते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर बायकांच्या सुमारे सहापट. एआरटी केंद्रात गोळ्या मिळतात. गुडघे, बीपी, साखर यांसाठी मात्र दुसरी रांग, दुसरा केसपेपर आणि नव्या माणसाला पुन्हा सगळं सांगणं. ते नको म्हणून कितीजणी घरीच बसतात.

आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या लोकांची बीपी-शुगर तपासणी होते. त्याच टेबलावर एचआयव्ही तपासणीही सुचवावी, वयाची वरची अट न घालता. मात्र समुपदेशन करून आणि संमती घेऊनच. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमती आणि गुप्तता बंधनकारक आहे. सरकारी केंद्रांत ही तपासणी मोफत आहे, माहितीसाठी १०९७ हा टोल फ्री क्रमांकही आहे. आशाताईंनी हे गरोदर सुनेला सांगताना शेजारी बसलेल्या सासूलाही सांगावं.

– एक निवृत्त परिचारिका, जि. सांगली
(कृपया नाव छापू नये.)